वाचणारी मुलगी, लिहिणारी मुलगी : ॲन फ्रँकच्या रोजनिशीतील कादंबरीवाचन आणि वयात येण्याची प्रक्रिया

प्रस्तावना

विसाव्या शतकातील आत्मपर लेखनात ॲन फ्रँक हिच्या रोजनिशीचे स्थान अनन्यसाधारण आहे. १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे जन्मलेल्या या ज्यू मुलीचे कुटुंब हिटलरच्या सत्ताग्रहणानंतर ॲम्स्टरडॅम येथे स्थलांतरित झाले. तेराव्या वाढदिवसाला, म्हणजे १२ जून १९४२ रोजी, तिला एक चौकड्यांची वही भेट मिळाली. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ६ जुलै १९४२ रोजी, हे कुटुंब प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागील भागात अज्ञातवासात गेले. तेथे आठ माणसे पंचवीस महिने राहिली. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांना अटक झाली आणि १९४५ च्या प्रारंभी बेर्गेन-बेल्सेन येथील छळछावणीत ॲनचा मृत्यू झाला. अटकेनंतर मागे राहिलेली तिची कागदपत्रे मीप गीस यांनी जपून ठेवली आणि आठ जणांपैकी एकटेच जिवंत परतलेले तिचे वडील ओटो फ्रँक यांच्या स्वाधीन केली. २५ जून १९४७ रोजी ही रोजनिशी डच भाषेत प्रसिद्ध झाली.

हा इतिहास सर्वपरिचित आहे. मराठी वाचकालाही तो इंग्रजी आवृत्तीमधून आणि अनुवादांतून ठाऊक आहे. परंतु या परिचयामुळेच रोजनिशीच्या वाचनाची एक ठरावीक पद्धत रूढ झालेली दिसते. ज्यू वंशसंहाराची साक्ष म्हणून, निरागसतेवर झालेल्या आघाताचे प्रतीक म्हणून हे पुस्तक वाचले जाते. पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच, एप्रिल १९४६ मध्ये, इतिहासकार यान रोमाइन यांनी एका डच वृत्तपत्रात या रोजनिशीवर लेख लिहिला. ‘बालकाचा आवाज’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. तेव्हापासून ‘बालकाचा आवाज’ ही जणू या पुस्तकाची ओळखच होऊन बसली.

ही ओळख असत्य नाही. मात्र ती अपुरी आहे. या रोजनिशीतील मुलगी जशी बंदिस्त आहे तशीच ती सतत वाचणारी आहे. ती काय वाचते, तिला काय वाचू दिले जात नाही, वाचलेल्याचे ती काय करते, या प्रश्नांकडे लक्ष दिले तर तिच्या वयात येण्याचा आणि तिच्या लेखिका होण्याचा वेगळाच आलेख समोर येतो. कादंबरीवाचन ही ॲनच्या बाबतीत वेळ घालविण्याची सोय नव्हती. स्वतःची वाढ पाहण्याची आणि ती शब्दांत मांडण्याची रीत तिला या वाचनातून मिळाली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

संहितेचा प्रश्न

या विषयाचा विचार करताना प्रथम संहितेचा प्रश्न विचारात घ्यावा लागतो. ‘ॲन फ्रँकची रोजनिशी’ या नावाने जे वाचले जाते ती एकच एक संहिता नाही. ॲनने वेळोवेळी वह्यांत लिहिलेली मूळ रोजनिशी ही पहिली संहिता होय. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून प्रसारित झालेल्या भाषणात निर्वासित डच शासनाचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी, युद्धानंतर सामान्य नागरिकांच्या रोजनिश्या आणि पत्रे संकलित केली जावीत असा विचार मांडला. हे भाषण ऐकल्यावर ॲनच्या मनात आपल्या लेखनाचे पुस्तक करण्याची कल्पना आली. मे १९४४ पासून तिने सुट्या कागदांवर संपूर्ण रोजनिशीचे पुनर्लेखन सुरू केले. या पुस्तकासाठी तिने ‘हेत आख्तरहाउस’, म्हणजे ‘मागचे घर’, हे नावही योजले होते. दोनशेहून अधिक कागदांवरील ही दुसरी संहिता २९ मार्च १९४४ च्या नोंदीपर्यंत येऊन थांबते. या दोन्हींच्या आधारे ओटो फ्रँक यांनी सिद्ध केलेली १९४७ ची आवृत्ती ही तिसरी संहिता होय. नेदरलँड्समधील युद्धविषयक दस्तऐवज संस्थेने १९८६ मध्ये या तिन्ही संहिता एकत्र छापून चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद आला.

संहितांचा हा भेद केवळ पाठचिकित्सेपुरता महत्त्वाचा नाही. डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या सुमारे वर्षभराच्या काळातील मूळ वह्या उपलब्ध नाहीत. त्या वर्षाचे जे लेखन आज वाचावयास मिळते ते मुख्यतः १९४४ च्या पुनर्लेखनातून आलेले आहे. तसेच, रोजनिशी का लिहावीशी वाटली आणि ‘किटी’ ही काल्पनिक मैत्रीण का निवडली, याचे स्पष्टीकरण देणारी २० जून १९४२ ही तारीख असलेली प्रसिद्ध नोंदही मुळात १९४४ मध्ये लिहिली गेली आहे. तेरा वर्षांची मुलगी बोलते आहे असे वाचकास जेथे वाटते, तेथे प्रत्यक्षात पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर उभी असलेली लेखिका तेरा वर्षांच्या मुलीचा आवाज घडवीत असते. मोठे होण्याची जी गोष्ट रोजनिशीतून वाचकाला जाणवते, ती काही अंशी रचलेली गोष्ट आहे. ही रचना करण्याचे शिक्षण ॲनला कोठून मिळाले, हा यातून उद्भवणारा पुढचा प्रश्न होय.

कादंबरीतून लाभलेली मैत्रीण

या प्रश्नाचे पहिले उत्तर सिसी व्हान मार्क्सफेल्ट या लेखिकेच्या कादंबऱ्यांत सापडते. सेट्स्के दे हान हे या लेखिकेचे मूळ नाव. तिची ‘योप तेर हेउल’ ही कादंबरीमाला १९१९ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढील दोन-तीन दशके डच मुलींमध्ये ती अतिशय लोकप्रिय होती. खोडकर, बोलघेवडी, शाळेत शिक्षकांना आणि घरी वडिलांना न जुमानणारी योप ही या मालेची नायिका. पहिल्या कादंबरीचे निवेदन योपच्या पत्रांतून आणि रोजनिशीतून होते. तिच्या भोवती मैत्रिणींचे एक मंडळ आहे आणि त्या मंडळात किटी नावाची एक मुलगी आहे.

अज्ञातवासातील कुटुंबांना साहाय्य करणारे योहानेस क्लाइमन ॲनसाठी मुलींची पुस्तके आणून देत असत. सप्टेंबर १९४२ मधील नोंदींत या मालेविषयीचा तिचा उत्साह स्पष्ट दिसतो. याच लेखिकेची एक विनोदी कादंबरी आपण चार वेळा वाचल्याचे ती नमूद करते. लक्षणीय बाब अशी की, याच महिन्यात मूळ रोजनिशीचे रूप बदलते. तोपर्यंत सुटसुटीत टिपणांच्या स्वरूपात असलेले लेखन पत्रांचे रूप घेते आणि ही पत्रे योपच्या मंडळातील मुलींना उद्देशून लिहिली जातात. किटी, पॉप, फीन, कॉनी, एमी, मारियाने अशी नावे त्यांत येतात. प्रत्येकीशी ॲनचा बोलण्याचा सूर थोडा निराळा आहे. पुनर्लेखनात मात्र ती या साऱ्या जणींना बाजूला सारते आणि एकट्या किटीला ठेवते.

‘किटी’ हे नाव ॲनच्या एका खऱ्या मैत्रिणीवरून आले असावे, असेही मत मांडले गेले आहे. तथापि मूळ वह्यांतील नावांचा संपूर्ण समूह पाहता कादंबरीमालेशी असलेला संबंध अधिक सयुक्तिक वाटतो. शाळा, मैत्रिणी, सायकलवरच्या फेऱ्या हे सर्व एका दिवसात हिरावले गेलेल्या मुलीने कादंबरीतील मैत्रिणींचे मंडळ आपलेसे करावे, हे मानसशास्त्रीय दृष्टीने समजण्याजोगे आहे. वाङ्मयीन दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट घडते. ज्याला काहीच माहीत नाही अशा श्रोत्याला सर्व काही समजावून सांगावे लागते. घराची रचना, माणसांचे स्वभाव, जेवणाच्या टेबलावरील भांडणे, रात्रीचे आवाज यांचे तपशीलवार वर्णन करण्याची गरज किटीमुळे निर्माण झाली. रोजनिशी स्वतःसाठी असते. पत्र दुसऱ्यासाठी असते. कादंबरीतून उसना घेतलेला हा ‘दुसरा’ मिळाल्यामुळे ॲनचे लेखन स्वगताच्या पातळीवर थांबले नाही.

येथे वाङ्मयीन प्रतिष्ठेचाही एक मुद्दा आहे. ज्या पुस्तकांनी ॲनला हा साचा दिला ती अभिजात साहित्यात गणली जाणारी नव्हती. शाळकरी मुलींसाठीच्या लोकप्रिय, हलक्याफुलक्या कादंबऱ्या होत्या त्या. वडील तिला गटे आणि शिलर यांची नाटके वाचून दाखवीत होते, हे खरे. परंतु रोजनिशीचे निवेदनतंत्र आले ते योपच्या खोडकर पत्रांतून. किशोरवयीन वाचकाच्या बाबतीत ‘उत्तम’ पुस्तक आणि ‘उपयोगी पडलेले’ पुस्तक नेहमी एकच असते असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

वाचनाची परवानगी आणि मोठे होणे

अज्ञातवासातील पुस्तके हा सर्वांच्याच जिव्हाळ्याचा विषय होता. शनिवारी बाहेरून पुस्तके येत आणि सर्व जण त्या दिवसाची वाट पाहत. कोंडून राहिलेल्या माणसाला पुस्तक म्हणजे काय असते याची बाहेरच्यांना कल्पना नसते, या आशयाचे विचार जुलै १९४३ च्या नोंदीत येतात. परंतु पुस्तके सर्वांना सारखी खुली नव्हती. कोणी कोणते पुस्तक वाचावे याचा निर्णय मोठी माणसे घेत. मोठे होणे म्हणजे काय, याची त्या घरातील व्यावहारिक व्याख्याच मुळी ‘कोणते पुस्तक वाचण्याची परवानगी आहे’ या प्रश्नाशी बांधलेली होती.

सप्टेंबर १९४२ मधील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मार्गोट आणि पीटर यांना बहुतेक सर्व पुस्तके वाचण्याची मुभा होती. स्त्रीविषयक एक पुस्तक मात्र मोठ्यांनी आपल्यापुरते राखून ठेवले. कुतूहल चाळवलेल्या पीटरने ते चोरून माळ्यावर नेले. वडिलांनी त्याला पकडले आणि घरात मोठे वादंग माजले. ॲन हा प्रसंग एखाद्या विनोदी कादंबरीतील प्रकरणासारखा रंगवून सांगते. आरंभी गुपित, मग पकडले जाणे, नंतर उपोषणाचा आव आणि शेवटी तडजोड, असा त्याचा क्रम आहे. विषय निषिद्ध वाचनाचा आहे आणि सांगण्याची शैली वाचनातून आलेली आहे.

ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस ॲन नोंदवते की, आता आपल्याला मोठ्यांची पुस्तके थोडी थोडी मिळू लागली आहेत. निको व्हान सुख्तेलेन यांची एका मुलीच्या तारुण्याविषयीची कादंबरी ती वाचीत असते. नायिकेच्या बालपणीच्या भाबड्या समजुती, शरीरातील बदल, स्त्रीदेहाची विक्री असे विषय त्यात आहेत. हे सर्व ॲन निःसंकोचपणे टिपते आणि आपल्यालाही मासिक पाळी लवकर यावी, म्हणजे आपण खऱ्या अर्थाने मोठ्या होऊ, अशी इच्छा व्यक्त करते. घरात ज्या विषयाबद्दल मोकळेपणाने बोलणारे कोणी नाही, त्याची भाषा कादंबरीने पुरविली आहे. त्याच नोंदीत वडील जर्मन नाटके वाचून दाखवू लागल्याचा आणि आईने प्रार्थनेचे पुस्तक हाती दिल्याचा उल्लेख आहे. एकाच मुलीच्या हाती एकाच वेळी तीन पुस्तके आली. आईला मुलीची श्रद्धा घडवायची आहे, वडिलांना तिची अभिरुची घडवायची आहे. मुलगी मात्र स्वतः निवडलेल्या कादंबरीत आपल्या देहाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे शोधते.

या संदर्भात २०१८ मध्ये प्रकाशात आलेली माहितीही विचारात घ्यावी लागते. पहिल्या वहीतील, २८ सप्टेंबर १९४२ च्या सुमाराची दोन पाने तपकिरी कागद चिकटवून झाकलेली होती. आधुनिक छायाचित्रणतंत्राच्या साहाय्याने ती वाचण्यात आली. त्यांत काही चावट विनोद आणि लैंगिक ज्ञानाविषयीचा मजकूर आहे. कोणी तरी आपल्याकडे या विषयाची माहिती विचारावयास आले तर आपण ती कशी सांगू, अशी कल्पना करून ॲनने तो लिहिला आहे. अवघड विषय थेट न सांगता काल्पनिक परिस्थितीच्या चौकटीत बसवून सांगण्याची ही युक्ती आहे. तेराव्या वर्षी तिला कल्पितकथेचा हा उपयोग उमगला होता, असे यावरून म्हणता येईल.

वाचकाकडून समीक्षकाकडे

ॲनच्या वाचनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती वाचलेल्यावर मत देते. मोठ्यांसाठीची म्हणून मिळालेली कादंबरी आणि मुलींसाठीच्या कादंबऱ्या यांत आपल्याला फारसा फरक वाटत नाही, असे ती तेराव्या वर्षी सांगते. पुढे मिळालेली पुस्तके ती वादासाठी वापरते. जानेवारी १९४४ मध्ये, वयात येणाऱ्या मुलींविषयी सिस हायस्टर यांनी लिहिलेला लेख ती वाचते. तो जणू आपल्यालाच उद्देशून लिहिला आहे असे तिला वाटते. पण लेखातील सर्वच वर्णन आपल्याला लागू पडत नाही हेही ती बजावून सांगते. जून १९४४ मध्ये पॉल दे क्रुइफ यांच्या वैद्यकविषयक पुस्तकातील प्रसूतिवेदनांची हकिकत वाचून ती स्त्रियांच्या सामाजिक दर्जाविषयी प्रश्न उपस्थित करते. सैनिकांच्या शौर्याचा गौरव होतो, मग मानवजातीचे सातत्य राखणाऱ्या स्त्रीचा का होत नाही, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

या दृष्टीने १५ जुलै १९४४ ची नोंद सर्वांत महत्त्वाची ठरते. माणसाच्या मूळच्या चांगुलपणावरील विश्वास व्यक्त करणारे ॲनचे जगप्रसिद्ध वाक्य याच नोंदीत आहे. गुडरिच आणि हॅकेट यांनी १९५५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या नाट्यरूपांतराने ते वाक्य शेवटाकडे नेऊन ठेवले आणि ते साऱ्या जीवनाचे तात्पर्य बनले. परंतु मूळ नोंद सुरू होते ती ग्रंथालयातून आलेल्या एका पुस्तकाच्या उल्लेखाने. आजच्या तरुण मुलीविषयी वाचकाचे मत विचारणारे त्याचे शीर्षक आहे. त्या पुस्तकाची लेखिका तरुण पिढीवर टीका करते आणि काही परिच्छेद आपल्यावरच रोखलेले आहेत असे ॲनला वाटते. म्हणून ती स्वतःचा बचाव करण्यासाठी लेखणी उचलते. त्यानंतर आत्मपरीक्षण येते. वडिलांनी आपल्याला समजून घेण्यात कोठे उणीव राहिली याचा विचार येतो. तारुण्य हे वार्धक्याहून एकाकी असते, या कोठे तरी वाचलेल्या विधानाची चर्चा येते आणि मग कोसळणाऱ्या जगात आदर्श जपण्याची अडचण येते.

सारांश, जे वाक्य उत्स्फूर्त उद्गार म्हणून मिरविले जाते ते प्रत्यक्षात एका पुस्तकाशी चाललेल्या दीर्घ युक्तिवादाचा भाग आहे. त्याच्या मागेपुढे विनाशाची स्पष्ट जाणीव आहे. संदर्भातून तोडल्यावर उरते ती भाबडी आशा. संदर्भासह वाचले तर दिसते ते पंधरा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या ग्रंथाला दिलेले प्रत्युत्तर. या दोन वाचनांतील अंतर म्हणजेच ‘बालकाचा आवाज’ आणि ‘लेखिकेचा आवाज’ यांतील अंतर होय.

वाढ म्हणजे पुनर्वाचन

इतरांच्या पुस्तकांप्रमाणे ॲन आपलीही रोजनिशी वाचते. २ जानेवारी १९४४ रोजी जुनी पाने चाळताना आईविषयी आपण लिहिलेली कठोर वाक्ये तिच्या दृष्टीस पडतात आणि हे आपणच लिहिले का, असा प्रश्न तिला पडतो. ७ मार्च १९४४ च्या नोंदीत ती १९४२ मधील लाडाकोडात वाढलेल्या ॲनकडे त्रयस्थपणे पाहते, जणू ती दुसरीच कोणी मुलगी असावी. निवेदक आणि नायिका यांच्यातील अंतर हे व्यक्तिमत्त्वाच्या घडणीची कथा सांगणाऱ्या कादंबरीचे प्रमुख लक्षण मानले जाते. ॲनच्या लेखनात हे अंतर वयाच्या पंधरा वर्षांच्या आतच निर्माण झालेले दिसते.

१९४४ च्या पुनर्लेखनात या अंतराला प्रत्यक्ष कृतीचे रूप आले. ती मजकूर गाळते, जोडते, नोंदी एकत्र करते, माणसांना टोपणनावे देते. पीटरविषयीच्या आकर्षणाचा बराच भाग ती पुनर्लेखनात कमी करते. पुढे ओटो फ्रँक यांनी मूळ वह्यांतून तो पुन्हा घेतला, तर आईविषयीचे आणि लैंगिकतेविषयीचे काही उल्लेख १९४७ च्या आवृत्तीत गाळले गेले. मुलीला प्रेमकथा गौण वाटली आणि वाचकांच्या हाती मात्र प्रेमकथा ठळकपणे आली, हा या संहितेच्या इतिहासातील विरोधाभास आहे. रोजनिशीबरोबरच तिने गोष्टींची एक वही आणि आवडलेल्या उताऱ्यांची एक वही ठेवली होती. ‘कॅडीचे आयुष्य’ ही कादंबरीही तिने लिहावयास घेतली होती. ११ मे १९४४ च्या नोंदीत तिचे उरलेले कथानक ती सांगते आणि ही कादंबरी भावविवश कल्पनाविलास नाही, तिच्यामागे वडिलांच्या आयुष्यातील अनुभव आहे, असे आवर्जून स्पष्ट करते. हा खुलासा समीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. लोकप्रिय कादंबऱ्यांवर पोसलेली वाचक आता त्या कादंबऱ्यांच्या मर्यादाही ओळखू लागली आहे, हे त्यातून कळते.

अमेरिकन कवी जॉन बेरीमन यांनी ॲन फ्रँकवरील आपल्या निबंधात, बालकाचे प्रौढ व्यक्तीत रूपांतर होण्याची प्रक्रिया हाच या पुस्तकाचा गाभा मानला आहे. फ्रान्सिन प्रोज यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात तिच्या पुनर्लेखनाकडे जाणीवपूर्वक केलेली साहित्यनिर्मिती म्हणून पाहिले. २०१९ मध्ये तर तिची अपूर्ण दुसरी संहिता जर्मन भाषेत स्वतंत्र पुस्तकरूपाने, पत्ररूप कादंबरीचा आराखडा म्हणून, प्रसिद्ध झाली. या अभ्यासांच्या आधारे एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणता येईल की, बेरीमन यांना जाणवलेली वाढ आणि प्रोज यांनी दाखविलेली कलाजाणीव या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. ॲन स्वतःला पुन्हा वाचू शकली म्हणून तिला आपली वाढ दिसली. आणि स्वतःला पुन्हा वाचण्याची सवय तिला कादंबऱ्यांतील मुलींची आयुष्ये पुन्हा पुन्हा वाचण्यातून लागली.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. रोजनिशीतील रचनेवर भर दिल्याने तिचे साक्षीमूल्य कमी होत नाही काय? हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. वंशसंहार नाकारणाऱ्यांनी या रोजनिशीच्या अस्सलपणावर वारंवार शंका घेतली आहे. तिच्या अनेक संहिता आहेत ही गोष्टच ते पुरावा म्हणून पुढे करीत आले आहेत. १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्ताक्षर, कागद आणि शाई यांची शास्त्रीय तपासणी करण्यात आली आणि लेखन ॲनचेच असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे कर्तृत्वाचा प्रश्न निकालात निघाला आहे.

उरतो तो साहित्य आणि सत्य यांचा प्रश्न. पुनर्लेखन म्हणजे बनावट, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. अनुभव कागदावर येतो तेव्हा निवड, क्रम आणि भाषा यांच्या द्वारेच येतो. मूळ वह्या आणि पुनर्लेखन यांची तुलना करता येते, ही या रोजनिशीची दुर्बलता नसून तिचे सामर्थ्य आहे. साक्षीदार आपल्या साक्षीचे शब्द कसे शोधतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारी कागदपत्रे फार थोडी आहेत. उलटपक्षी तिला केवळ निरागस बालिका मानण्यात एक अन्याय दडलेला आहे. ज्यांनी तिचा जीव घेतला त्यांनी एक व्यक्ती नष्ट केली, तसेच एक उभरते लेखनकर्तृत्वही नष्ट केले. ते कर्तृत्व नाकारले तर हानीची मोजदादच अपुरी राहते.

कादंबरीवाचनाच्या मर्यादाही येथे नोंदविणे आवश्यक आहे. योपच्या कादंबऱ्यांत शाळा संपते, लग्न होते, संसार सुरू होतो. हा पुढचा टप्पा ॲनच्या आयुष्यात आलाच नाही. कादंबऱ्यांनी तिला श्रोता दिला, विनोद दिला, स्वतःकडे पाहण्याचे अंतर दिले. शेवट मात्र त्यांच्या साच्यात बसणारा नव्हता. १ ऑगस्ट १९४४ च्या शेवटच्या नोंदीत ती आपल्या दुहेरी स्वभावाचे विश्लेषण करीत असताना लेखन थांबते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

मराठी साहित्यात किशोरवयीन मुलाच्या नजरेतून लिहिलेल्या उत्तम कृती आहेत. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) पासूनच्या संग्रहांतील लंपन, किंवा मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी, ही त्यांतील अविस्मरणीय पात्रे. तथापि या दोन्ही ठिकाणी प्रौढ लेखक मागे वळून किशोरवयाचा आवाज घडवितो. ॲनच्या बाबतीत घडविणारी आणि घडली जाणारी यांच्यात दोन वर्षांचेही अंतर नाही. म्हणूनच तिच्या लेखनात आठवणींचा मऊपणा आढळत नाही. आईवरील राग अजून निवलेला नाही, देहाविषयीचे कुतूहल शमलेले नाही, आणि तरीही या दोहोंकडे पाहणारी दृष्टी तयार झाली आहे. प्रौढ कलावंताला स्मरणाने जे साधावे लागते ते येथे पुनर्वाचनाने साधले आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावयास हवा. ही रोजनिशी निवडक उताऱ्यांच्या रूपात शिकविली जाते तेव्हा धैर्य, आशावाद यांसारखी मूल्ये पुढे येतात आणि वाचणारी, वाद घालणारी, स्वतःचे लेखन दुरुस्त करणारी मुलगी मागे पडते. पदवी वर्गातील विद्यार्थी तिच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठे असतात. त्यांच्यापुढे तिला आदर्श म्हणून ठेवण्यापेक्षा समवयस्क वाचक म्हणून ठेवणे अधिक फलदायी ठरेल. एकाच नोंदीच्या दोन संहिता शेजारी ठेवून वाचण्याचा सराव करविला, तर पुनर्लेखन म्हणजे काय हे विद्यार्थ्याला व्याख्येवाचून कळू शकेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ॲन फ्रँकच्या रोजनिशीचे पत्ररूप आणि ‘किटी’ ही श्रोती यांचे मूळ तिच्या कादंबरीवाचनात आहे. हे वाचन मुलींसाठीच्या लोकप्रिय साहित्याचे होते.

२) अज्ञातवासातील वयात येणे हे वाचनाच्या परवानगीशी जोडलेले होते. घरात ज्याविषयी मौन होते त्याची भाषा तिला पुस्तकांतून मिळाली.

३) ती वाचलेल्याचा स्वीकार करून थांबत नाही, प्रतिवाद करते. तिचे सर्वाधिक उद्धृत होणारे वाक्यही अशाच प्रतिवादातून आलेले आहे.

४) रोजनिशीतून जाणवणारी वाढ ही बऱ्याच अंशी १९४४ च्या पुनर्लेखनाने घडविलेली आहे. ही रचना साक्षीमूल्याला बाधक नसून पूरक आहे.

किशोरवयीन मुले कादंबऱ्या वाचतात तेव्हा ती वेळ वाया घालवितात की काय, अशी शंका पालकांप्रमाणे शिक्षकांच्याही मनात डोकावत असते. खोडकर योपची तीच ती पुस्तके पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या एका मुलीने त्यांचे पुढे काय केले, हे लक्षात घेतले तर विद्यार्थ्याच्या हातातील पुस्तक कोणत्या प्रतीचे आहे यापेक्षा तो त्याचे काय करतो आहे, हा प्रश्न अधिक अगत्याचा ठरतो.